खुंटीवरचे धागे

सरांनी माझी मुलाखत घेतली ती माझ्या हातांची. नर्सिंगची सर्टिफिकेटं मी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून, लोधीखेड्याहून बसमध्ये मांडीवर धरून नेली होती. ती पिशवी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. टेबलाच्या कडेला सारली आणि म्हणाले, "हात दाखवा."

मला वाटलं, भविष्य बघतात की काय. मी तळहात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तळहात पाहिले, हात उलटे करायला लावून नखं पाहिली आणि मग त्यांची नजर माझ्या उजव्या मनगटावर अडकली. तिथं पांढरा धागा होता. आदल्याच दिवशी घरी परित्राण पाठ झाला होता. भंतेजींनी दिलेला धागा आईनं स्वतः बांधला होता, पोरीला नोकरी लागू दे म्हणून.

"हे काढावं लागन," सर म्हणाले.

माझं डोकं लहानपणापासून तापट. त्यात माझ्या आजीनं जन्मभर 'शिवू नको', 'लांबून वाढ' हेच ऐकलेलं. हात निरखून बघणारा माणूस मला आधीच खटकला होता. मी उठलेच. "आईनं बांधलाय सर. नोकरी नाही लागली तरी चालेल."

"काढा म्हटलं मी. फेका कोण म्हणते?" असं म्हणून तेही उठले आणि मला वरच्या मजल्यावर, वॉर्डाच्या दाराशी घेऊन गेले. तिथं हात धुवायचं बेसिन होतं, आणि बेसिनशेजारच्या भिंतीवर एक लांब फळी, फळीला ओळीनं लाकडी खुंट्या. प्रत्येक खुंटीवर काही ना काही टांगलेलं. जामसावळीच्या मारुतीचे केशरी धागे, काळे दोरे, तांब्याचं कडं, ताईत, खड्याची अंगठी, घड्याळं. अख्ख्या पांढुर्ण्याची श्रद्धा तिथं वाळत घातली होती.

"धागा देवाचा आहे," सर म्हणाले, "पण त्यातला मळ तुमचा आहे. दोन्ही घेऊन लेकरापाशी जाऊ नका. इथं टांगा, घरी जाताना पुन्हा बांधून घ्या. देव काही रागावत नाही, मी विचारलं आहे."

माझ्या पांढऱ्या धाग्याला वॉर्डबॉयच्या मारुतीच्या धाग्याशेजारची खुंटी मिळाली. नोकरीही मिळाली. आईला मी घरी जाऊन सांगितलं की तुझ्या धाग्यानं काम केलं. कसं केलं ते काही सांगितलं नाही.

सर लहान मुलांचे डॉक्टर. दवाखाना तसा लहानच. खाली तपासणी, वर बाळंतिणींचा वॉर्ड आणि त्याच्या दाराशेजारीच अपुऱ्या दिवसांच्या बाळांची काचेची खोली. बाळंतपणं मॅडम करायच्या, त्या सरांच्या जुन्या सहकारी. बाळ बाहेर आलं की पुढचं राज्य सरांचं. गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. 'हातधुवे डॉक्टर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा. हे नाव सरांच्या कानावर होतं आणि मनातून त्यांना आवडतही होतं. म्हणायचे, "नावं ठेवून राहिले तं ठेवू द्या. हात धुवून राहिले न?"

हात धुण्याची त्यांची रीत म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल होतं. बेसिनसमोर उभं राहून प्रत्येकानं मोठ्यानं नागपूरहून पांढुर्ण्यापर्यंतची स्टेशनं म्हणायची. नागपूरला तळहात, गोधनीला हातांच्या पाठी, कळमेश्वरला बोटांच्या बेचक्या, काटोलला अंगठे, नरखेडला नखं, तिगावला मनगटं, आणि पांढुर्णा आलं की कोपरानं नळ बंद. गाडी पॅसेंजरच हवी. नव्या पोरी घाईत असल्या की एक्स्प्रेस पळवायच्या. मग जिन्यातून सरांचा आवाज यायचा, "ओ सिस्टर, तुमची गाडी तिगावाले थांबलीच नाही! उतरणारे पाशिंजर कुठं जातीन?" बाकावरचे नातेवाईक हसायचे आणि ती पोरगी लाल चेहऱ्यानं पुन्हा नागपूरहून निघायची. माझ्या मुलाला ही स्टेशनं शाळेत जायच्या आधीच पाठ झाली होती. पहिल्यांदा गाडीत बसला तेव्हा काटोल आल्याबरोबर त्यानं अंगठे चोळायला घेतले.

कपड्यांचंही तसंच. सरांकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट नव्हताच. कोपराखाली काही नको, बाही नको, घड्याळ नको, अंगठी नको, हा नियम त्यांनी आम्हाला लावला आणि स्वतःला दुप्पट लावला. थंडीत पांढुर्णा काकडून जायचं, माणसं कानाला मफलर गुंडाळून संत्र्याच्या बागेत शेकोट्या करून बसायची, आणि सर अर्ध्या बाहीच्या शर्टावर बिनबाहीचा स्वेटर घालून फिरायचे. दंडावर काटा, ओठ निळे, पण कबूल करायचे नाहीत. पोरीच्या लग्नात जावयाकडून कोट आला होता. तो त्यांनी घातला, पण बाह्या कोपरापर्यंत दुमडून. स्टेजवर आहेर घेताना ते विहिरीतून बादली ओढायला निघालेल्या माणसासारखे दिसत होते. तो फोटो मॅडमनी ओपीडीत लावायला दिला होता. सरांनी तो खरंच लावला.

आमच्याकडे बाळंतिणीला पाहायला जाणं म्हणजे वऱ्हाड निघाल्यासारखं. मोहगावहून गाडी भरून बाया यायच्या. प्रत्येकीनं बाळ मांडीवर घ्यायचं, गालाची पापी घ्यायची, मुठीत नोट कोंबायची आणि मग बाळंतिणीच्याच पलंगावर पाय वर घेऊन ठाण मांडायचं. प्रेमच ते, नाही कशाला म्हणा. पण सरांनी पलंगावर बसणं बंद केलं, पापी बंद केली आणि नोटेबद्दल दारावर हिंदी-मराठी दोन्हींत लिहून लावलं की नोट बाळाच्या बापाच्या खिशात टाकावी, तसंही ती तिथंच जाणार आहे.

यात त्यांनी कोणाला सोडलं नाही. सौंसरची त्यांची थोरली बहीण एकदा नात्यातल्या बाळंतिणीला बघायला आली. बेसिन दाखवल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुले मी न्हाऊ घातलं, तुहा शेंबूड मी पुसला, अन् तू मले हात धुवाले सांगून राहिला?"

"म्हणूनच सांगून राहिलो, ताई. तोच शेंबूड असन अजून हातावर."

ताई इतक्या चिडल्या की त्यांनी मुद्दाम उलटी गाडी सोडली. पांढुर्ण्याहून निघून, तिगाव, नरखेड करत, एकेका स्टेशनावर भावाकडे डोळे वटारत त्या नागपूरला पोहोचल्या. सर शांतपणे टॉवेल धरून उभे होते. म्हणाले, "चालते. लाइन डबल आहे."

त्या दिवशी माझ्या मनातली पहिल्या दिवशीची अढी गेली. आमच्या आजीला ज्यांनी लांब ठेवलं त्यांनी तिच्यापासून स्वतःला जपलं होतं. हा माणूस आल्यागेल्या प्रत्येकापासून, अगदी स्वतःपासूनसुद्धा, एका पावशेरी बाळाला जपत होता. हात सगळ्यांचेच मळके, हे इतक्या उघडपणे आणि इतक्या समानतेनं सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला तो आवडायला लागला.

औषधांच्या बाबतीत मात्र गाव त्यांच्यावर खरोखर नाराज होतं. डॉक्टरकडे जायचं, सुई घ्यायची, दोन रंगाच्या कॅप्सूल घ्यायच्या, तेव्हा कुठे दवाखान्यात गेल्यासारखं वाटतं. सर्दी-खोकल्याचं पोर घेऊन यावं तर सर छाती ऐकायचे, कान बघायचे, घसा बघायचे आणि सांगायचे, "पाणी पाजा, जेवू द्या, चार दिवसांत खेळन. श्वास जोरात चालला तं धावत या." बस. समोरचा मेडिकलवाला हात जोडून म्हणायचा, "सर, तुमच्या चिठ्ठीवर मी फक्त थर्मामीटर विकून राहिलो."

मोहगावचा एक कापूसवाला शेतकरी एकदा नाक गळणारं पोर घेऊन आला आणि अडूनच बसला. "डाक्टरसाहेब, काहीतरी भारी द्या न. पॉवरची दवाई. खाली हात काऊन पाठवून राहिले?"

सर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "भाऊ, पऱ्हाटी आहे न तुमची? बोंडअळीचं काय म्हणणं आहे यंदा?"

शेतकऱ्याचा चेहरा लगेच बदलला. "काय सांगू साहेब! पहिले फवारा मारला का पटापटा मरे. आता आंघोळ केल्यावाणी ताजी होऊन फिरते. मरतच नाही."

"काऊन मरत नाही?"

"सवय झाली न तिले. उठसूट मारलं आमी. अळी नसली तरी मारलं, शेजाऱ्यानं मारलं म्हणून मारलं. मरणाऱ्या मेल्या, जितक्या मुर्दाड होत्या तितक्याच राहिल्या, अन् आता त्याहीचंच खानदान वाढून राहिलं."

मी शेजारी उभी होते. मला वाटलं, झालं, आता याला वेगळं काही सांगायलाच नको. सरही खूश झाले. त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग! तुमच्या पोराची सर्दी त्या दवाईनं मरणारी नाहीच, ते जंतू अलग जातीचे. पण पोटात बाकी जे जंतू आहेत त्याहीले फुकट सवय लागन. उद्या खरा निमोनिया झाला तं मी काय फवारू?"

शेतकऱ्यानं बराच वेळ विचार केला. पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्याचे डोळे चमकले. "समजलं साहेब. मंग असं करा न, दोन दवाया मिसळून द्या. आमी आता तेच करतो. एकीनं नाही मेली तं दुसरीनं मरते!"

सरांनी कपाळ टेबलावर टेकलं. मला हसू आवरेना म्हणून मी फाइल तोंडासमोर धरली. त्या पोराला औषध मिळालं नाही, पण सरांनी त्याला आपल्या बागेतलं एक संत्रं दिलं आणि शेतकऱ्याला सांगितलं की हे एकच द्यायचं, दुसऱ्यात मिसळून नाही.

दुसरी लढाई उरलेल्या गोळ्यांची. आमच्या गावांत उरलेल्या गोळ्या विरजणासारख्या एका घरून दुसऱ्या घरी जातात. एका आजीबाईंकडे पानाचा डबा होता. चुन्याच्या जागी तापाच्या गोळ्या, कात-सुपारीच्या जागी कॅप्सूल. गल्लीत कोणाला काही झालं की आजी रंग बघून औषध द्यायच्या. लाल-काळी खोकल्याला, पिवळी पोटाला, आणि जखम झाली की कॅप्सूल फोडून पावडर वर भुरभुरायची. सरांनी त्यांना कधी रागावलं नाही. त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसले, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "माय, हा दवाखाना मले विकत देता का?" आजींनी विकला नाही. पण आठवडाभरानं डबा रिकामा करून आणून दिला, धुऊन पुसून. वर सांगितलं, "तुमच्याकडे तसंही दवाई नसते, तुमालेच कामी येईन." सर त्या डब्यात बडीशेप ठेवायचे.

ते औषधांच्या विरुद्ध होते असं मात्र नाही. गरज असली की ते क्षणभर थांबत नसत, आणि मग ठरलेले सगळे दिवस घ्यायला लावत. तिगावच्या एका पोरीला निमोनिया झाला होता. ताप उतरल्यावर बापानं गोळ्या थांबवल्या. सर स्कूटर काढून थेट त्याच्या शेतात गेले आणि कापूस वेचणाऱ्या बायांसमोर त्याला विचारलं, "अर्ध्या वावरातच निंदण करून घरी येता का तुमी?" त्या पोरीनं औषध पुरं केलं.

इतकं सगळं वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. संत्र्याच्या झाडांखाली चहा पीत होतो. तरुणपणी ते एका मोठ्या शहराच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात होते. तिथं एका बाळाचा संसर्ग दुसऱ्याला गेला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. हातांवरून गेला, डॉक्टरांच्या आणि नर्सच्याच. "जी दवाई होती ती सगळी देऊन पाहिली सिस्टर. कपाटं भरली होती. दवाई संपली नव्हती, दवाई हरली होती." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला आणि बेसिनकडे गेले. हात स्वच्छच होते, तरी धुतले. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर त्यांच्या स्टेशनांना मी कधी हसले नाही. म्हणजे हसले, पण वेगळं.

काचेच्या खोलीच्या दारावर त्यांच्या हातचा एक कागद चिकटवलेला होता. 'ज्याच्या हाताला फोड, जखम किंवा पू आहे, त्याला आत प्रवेश नाही.' खाली वेगळ्या शाईनं नंतर घातलेले शब्द होते, 'डॉक्टर असला तरी.' त्या खोलीची इन्चार्ज मी. दाराची किल्ली माझ्याकडे असायची, आणि सर मला बजावायचे की कोणाचंही ऐकायचं नाही, माझंही नाही.

त्या वर्षी थंडीत त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला इंदूरहून माहेरी आली. बायको वारल्यापासून घरात सर एकटेच, त्यामुळे त्यांना काय करू नि काय नको झालं होतं. लेकीला ताजी संत्री पाहिजेत म्हणून स्वतः झाडांची छाटणी करायला गेले आणि कलमाखालच्या खुंटावर फुटलेल्या जंबेरीचा, म्हणजे रानलिंबाचा, काटा बोटात घुसला. बोट सुजलं, नखाच्या कडेला पू झाला. मॅडमनी चीर देऊन पू काढला, पट्टी बांधली. वॉर्डबॉय म्हणाला, "सर, आता तरी एक कॅप्सूल घ्या." सर म्हणाले, "पू निघाला, ताप नाही, गरम पाण्यात बोट शेकतो. स्वतःच्या बोटासाठी नियम तोडू का?" आणि पट्टी बांधल्या बोटानं ओपीडीत बसून लांबूनच पोरं तपासू लागले.

आणि नेमकी तेव्हाच लेकीला कळा सुरू झाल्या, महिन्याहून जास्त आधी. नागपूरला न्यायला गाडी सांगितली, पण बाळानं गाडीची वाट पाहिली नाही. मुलगी झाली. तळहाताएवढी, श्वास भराभर चालणारी. मी तिला गुंडाळून काचेच्या खोलीत आणलं, ऑक्सिजन लावला आणि दारात आले तर समोर सर. हात कडीवर.

"सर, बोट," मी म्हणाले.

"ग्लोव्ह्ज घालतो."

"ग्लोव्ह्ज घातले म्हणजे नियमातून सूट नव्हे, असं तुम्हीच..."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आज आपली नोकरी गेली. मग त्यांची नजर दारावरच्या कागदावर गेली, त्या वेगळ्या शाईच्या शब्दांवर. ते मागे सरले आणि नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसले. पलीकडच्या वॉर्डातून लेक ओरडली, "बाबा, नियम तुमीच केला न? मंग बसा आता!" ती रडत होती की हसत होती, ते मला कळलं नाही.

सौंसरचे एक बालरोगतज्ज्ञ सरांचे मित्र होते. ते तासाभरात आले. बाळाला नेहमीचं साधं अँटिबायोटिक सुरू केलं, आणि रक्तात जंतू वाढतात का ते पाहायला रक्त नागपूरच्या लॅबला पाठवलं. रक्त स्वच्छ निघालं तर औषध थांबवायचं, हा सरांनीच घातलेला पायंडा. रिपोर्ट येईपर्यंत सर त्या बाकावरून हलले नाहीत. काचेतून बघत. बाळाची छाती जोरात हलली की हे उठून उभे. मी आतून हातानंच 'बसा' म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर आले तर त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. आवाज अगदी खाली. "सिस्टर, वरच्या पॉवरची दवाई सुरू करू का? ते एकदम शेवटचं, ठेवणीतलं?"

समोर डॉक्टर नव्हता, आजोबा होता. शेजारीच मोहगावचा तो बोंडअळीवाला शेतकरी बसला होता. त्याच्या भावजयीचं बाळंतपण झालं होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि सरांच्या पाठीवर हात ठेवला. "देऊन टाका साहेब. दोन मिसळून द्या. नात आहे न!"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या पांढुर्ण्याला ज्या तोंडानं नाही म्हटलं, त्या तोंडानं हो म्हणायची वेळ आली होती, आणि ते हो म्हणणार असंच मला वाटत होतं. पण ते त्या शेतकऱ्याचा हात हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "नात आहे म्हणूनच नाही देत, भाऊ. अजून सगळी उमर जायची आहे तिची."

रिपोर्ट आला. रक्त स्वच्छ होतं. बाळाचा श्वासही थोडा संथ झाला होता, आईचं दूध नळीनं पचत होतं. सौंसरच्या डॉक्टरांनी काचेतून सरांकडे पाहिलं. थांबवायचं का, हा प्रश्न त्यांनी तोंडानं विचारला नाही. सर आम्हाला नेहमी सांगायचे की औषध सुरू करायला पेन लागतो आणि बंद करायला छाती लागते. त्या दिवशी त्यांची छाती वरखाली होताना मी पाहिली. मग त्यांनी पट्टी बांधलेल्या बोटाचा हात उचलला आणि आडवा हलवला. थांबवा.

आम्ही सुई बंद केली. सर उठून कुठे निघून गेले ते संध्याकाळीच परतले.

बाळ दिवसेंदिवस सुधारत गेलं. ऑक्सिजन निघाला, रडणं बाहेर ऐकू येण्याइतकं मोठं झालं. सर बाकावरच, हातांवरून शाल ओढून. आता मात्र नातेवाइकांना हात धुवायला लावायचं काम त्यांनी तिथून चालू केलं होतं. जावई इंदूरहून आला तर त्याला तीनदा नागपूरहून निघावं लागलं. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं, माणूस परत माणसात आला म्हणून.

मग एका सकाळी सर दारापुढे उभे राहिले. पट्टी काढलेली होती. "इन्चार्जबाई," म्हणाले, "तपासा."

"हात दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी तळहात पुढे केले. मी चष्मा लावत नाही, नाहीतर कपाळावर चढवला असता. तळहात पाहिले, उलटे करायला लावले, बोट नीट दाबून पाहिलं. कोरडं, भरलेलं, कातडी नवी आलेली. नखं आखूड. सगळं ठीक. मग माझ्या लक्षात आलं की सरांच्या अंगात पूर्ण बाहीचा शर्ट आहे. मनगटाशी बटण लावलेलं. इतक्या वर्षांत, इतक्या थंड्यांत, लेकीच्या लग्नात जे झालं नाही ते. शर्ट नवा होता, घडीच्या रेषा अजून गेल्या नव्हत्या.

"सर, बाह्या," मी म्हणाले.

ते आधी छताकडे बघायला लागले. मग बटण काढलं आणि बाही वर सारली. उजव्या मनगटावर केशरी धागा होता. जामसावळीचा. औषध थांबवलं त्या दिवशी दुपारभर ते कुठे गेले होते, ते मला तेव्हा समजलं.

सरांनीच डाव्या हातानं गाठ सोडवायला घेतली. गाठ पक्की होती, सुटेना. मी हात पुढे केला तर मान हलवली. शेवटी दातानं सोडवली आणि फळीकडे गेले. रिकामी एकच खुंटी होती, माझ्या पांढऱ्या धाग्याच्या शेजारची. तिच्यावर त्यांनी तो हलकेच टांगला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "काय बघून राहिल्या, सिस्टर? धागा देवाचा आहे."

"आणि मळ, सर?"

"मळ माझा."

मग ते बेसिनपाशी गेले, कोपरानं नळ सुरू केला आणि मोठ्यानं नागपूरहून निघाले. गोधनी, कळमेश्वर, काटोल, नरखेड. बाकावरची माणसं ऐकत होती, वॉर्डातून लेक ऐकत होती. तिगावला, मनगटांवर, गाडी बराच वेळ उभी राहिली. मी घाई केली नाही. पांढुर्णा आलं तेव्हा मी दार उघडलं.